मुंबई ते कराची, जवळच्या मार्गाने

बँकेत प्रवासभत्त्याच्या बिलाचा एक छापील नमुना असे. त्यात ‘अंतर’ आणि ‘प्रवासास लागलेला वेळ’ हे दोन रकाने शेजारी शेजारी असत आणि खाली बारीक अक्षरांत सूचना असे : प्रवास सर्वांत जवळच्या मार्गाने केलेला असावा. नोकरीच्या काळात अशी शेकडो बिले मी स्वतः भरली आणि त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यांची तपासली. चिपळूणला गेलेला माणूस पुण्यावरून का गेला, हे विचारण्यासाठी बँक मला पगार देत होती, असे आमच्या घरी थट्टेने म्हटले जाई. त्या नोकरीने एक चाळा मात्र अंगाला चिकटला. नकाशा समोर आला की मी दोन गावांमध्ये पट्टी ठेवून पाहतो.

मुंबईवर पट्टीचे एक टोक ठेवून दुसरे फिरवत गेलो की काही गमतीशीर गोष्टी कळतात. मुंबई ते बंगलोर हवाई अंतर सुमारे ८३० किलोमीटर आहे. मुंबई ते दिल्ली सुमारे ११४०. कोलकाता साडेसोळाशेच्या घरात. आणि मुंबई ते कराची? सुमारे ८७५ किलोमीटर. म्हणजे कराची आपल्याला जवळजवळ बंगलोरइतकीच जवळ आणि दिल्लीपेक्षा अडीचशेहून अधिक किलोमीटर अलीकडे! चर्चगेटबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारले तर दहांतले नऊ जण कराचीला दिल्लीच्या पलीकडे, कुठेतरी लांब वाळवंटाच्या टोकाला नेऊन ठेवतील. मनातले नकाशे भूमितीवर काढलेले नसतात.

आता विमानाचे अंतर म्हणजे नेमके काय, हेही एकदा पाहून घेऊ. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांमधली सर्वांत आखूड रेघ ही गोलावरून ओढलेली असते. वैमानिक ती किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ही विचित्र संख्या आकाशातून पडलेली नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाची लांबी साधारण तेवढी भरते. या मापाने मुंबई–कराची सुमारे ४७२ सागरी मैल. ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला हे अंतर तोडायला तास-सव्वा तास पुरावा. पण विमान काही हवेतच सुरू होत नाही. धावपट्टीपर्यंत रांगत जायचे, वर चढायचे, आखून दिलेल्या हवाई रस्त्याने जायचे, खाली उतरायचे, पुन्हा रांगायचे. म्हणून वेळापत्रकातली वेळ ही चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची असते. तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. मुंबई–कराचीसाठी ती दीड तासाच्या आसपास.

त्यात घड्याळाची एक गंमत मिसळते. पाकिस्तानचे घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. त्यामुळे मुंबईहून चारला निघालेला माणूस दीड तास प्रवास करून तिथल्या घड्याळात पाचलाच पोचतो आणि परतताना तेवढ्याच प्रवासाला त्याचे दोन तास जातात. हा अर्धा तास कायमचा नाही. फाळणीनंतरही काही वर्षे कराचीत आपलीच प्रमाणवेळ चालू होती. १९५१ साली ती बदलली. सूर्याला विचाराल तर दोन शहरांत खरा फरक तेवीस-चोवीस मिनिटांचा आहे. जुन्या मुंबईला तर स्वतःची वेगळी वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. म्हणजे त्या मुंबईच्या घड्याळात आणि आजच्या कराचीच्या घड्याळात जेमतेम नऊ मिनिटांचा फरक! पण असो. घड्याळाच्या नादी लागलो तर रविवार संपेल.

एके काळी हे दोन गावे एकाच संसारातली होती. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीच्या कचेरीतली फाइल मुंबईला येई आणि मुंबईचा हुकूम कराचीला जाई. मराठी कारकून, शिक्षक, ओव्हरसियर तिकडे बदलीवर जात आणि पुष्कळदा तिथेच राहत. कराचीत आजही एन. जे. व्ही. नावाची एक जुनी, भव्य दगडी शाळा आहे. ही आद्याक्षरे नारायण जगन्नाथ वैद्य यांची. हे मराठी गृहस्थ सिंधच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. १८५५ साली सुरू झालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा. नावातला वैद्य अजून तसाच आहे, कोणी पुसला नाही. कराचीत बॉम्बे बाजार आहे. आणि आपल्याकडे मिठाईच्या दुकानात तो लाल-हिरवा, चिवट, काजू घातलेला हलवा मिळतो त्याला कोणी कराची हलवा म्हणते, कोणी बॉम्बे हलवा. पदार्थ एकच.

त्या काळी जाण्याचा सोपा मार्ग बोटीचा. सुमारे पाचशे सागरी मैल. बारा नॉट वेगाची आगबोट धरली तर चाळीस-बेचाळीस तास, म्हणजे दोन दिवस. आगगाडीने जायचे तर अहमदाबाद, मारवाड, जोधपूर असे करत वाळवंट ओलांडून सिंधमधल्या हैदराबादला आणि तिथून कराचीला. तोही मोठाच वळसा.

मग विमान आले, आणि इथे कराचीने मुंबईवर मात केली. युरोपकडून येणाऱ्या विमानाला हिंदुस्थानात पहिले मोठे शहर लागे ते कराची. १९२९ साली इम्पिरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणायला सुरुवात केली. सात दिवस लागत, मधला एक टप्पा तर चक्क आगगाडीचा होता. तरीही बोटीच्या मानाने तो चमत्कारच. पण कराचीत उतरलेले मुंबईचे पत्र पुढे जमिनीवरून यायचे आणि मिळवलेला वेळ घालवून बसायचे. ही फट जे. आर. डी. टाटा आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी हेरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक छोटे पस मॉथ विमान उडवले. बरोबर पंचवीस किलो टपाल. अहमदाबादला ते उतरले. तिथे बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे विमानात ओतले गेले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मैदानावर टेकले. पुढे मद्रासपर्यंत टपाल व्हिन्सेंट घेऊन गेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे, ही माहिती पुणेकर वाचकांसाठी.

अहमदाबादमार्गे हे अंतर हजार किलोमीटरहून थोडे अधिक होते. लागलेला वेळ सव्वासात तास. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे.

पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने हाच प्रवास कराचीहून मुंबईपर्यंत पुन्हा केला. मी तेव्हा बँकेत नवा होतो. लंचच्या सुट्टीत वर्तमानपत्रातला फोटो हातोहात फिरत होता. आमचे हेडकॅशियर म्हणाले, “या वयात आम्हाला डोंबिवली स्लो लोकलमध्ये चढवत नाही.” त्यानंतर २०२१ साली त्याच तारखेला आरोही पंडित या तरुण मुंबईकर वैमानिक मुलीने त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ एक हलके विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले. पण ती निघाली भूजहून. कराची तिच्या नकाशात पलीकडे राहिली.

जगातल्या बहुतेक कुठल्याही दोन शहरांमधल्या प्रवासवेळेचा आलेख काढला तर तो खाली खाली येत जातो. आजोबांना महिना लागला, वडिलांना आठवडा, आपल्याला एक रात्र. मुंबई–कराचीचा आलेख दोन दिवसांवरून सव्वासात तासांवर आला, जेट युगात दीड तासावर आला आणि मग उलटा वर चढला. तो मधूनमधून तुटलेलाही आहे. १९६५ च्या युद्धात मार्ग बंद. बोटी थांबल्या, मुनाबाव–खोखरापारची रेल्वेही तुटली. ती २००६ मध्ये थार एक्स्प्रेसने जोडली गेली आणि २०१९ मध्ये पुन्हा थांबली. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ विमान अपहरण करून लाहोरला नेले आणि जाळले. फेब्रुवारीत भारताने आपल्यावरून पाकिस्तानी विमाने उडण्यास बंदी केली. त्याचा परिणाम नकाशावर पाहण्यासारखा आहे. कराची ते ढाका सरळ अंतर सुमारे २३६० किलोमीटर. बंदीनंतर विमानांना कोलंबोवरून वळसा घालून जावे लागले. ते भरते साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. एकाच देशाची दोन अंगे एका रात्रीत एकमेकांपासून जवळजवळ दुप्पट लांब गेली. वर्ष संपायच्या आत तो एक देशही राहिला नाही.

भारत-पाकिस्तान विमाने पुन्हा सुरू व्हायला १९७६ साल उजाडले. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पुन्हा बंद, ती १ जानेवारी २००४ ला सुरू. कराची–मुंबई ही पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची सेवा २०१७ साली थांबली. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारीच्या अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत मिटले होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले, पाकिस्तानने २४ तारखेला, आपण ३० तारखेला. त्याचा चटका कराचीशी काही देणेघेणे नसलेल्यांनाही बसला. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेली विमाने आधी दक्षिणेला वळून अरबी समुद्रावर येऊ लागली. दिल्ली–ताश्कंदसारखी सेवा तर एका कंपनीला थांबवावीच लागली, कारण वळसा घालून तिथे पोचण्याइतका पल्लाच तिच्या विमानांना नव्हता.

सरकारे हे सगळे उगाच करतात असे माझे म्हणणे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जे दहा जण मुंबईत उतरले ते कराचीहून, याच जुन्या सागरी वाटेने आले होते. त्या आठवड्यात आमच्या फोर्टमधल्या शाखेत कामावर आलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. जवळ असण्याचा एक अर्थ तोही आहे. फक्त हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा, जमेची बाजू आणि खर्चाची बाजू दोन्ही.

खर्चाच्या बाजूला माझ्याकडे एक नोंद आहे. १९९६ साली मी दक्षिण मुंबईतल्या एका शाखेत होतो. तिथे दापोलीकडचे एक वृद्ध खातेदार येत. कोकणी मुसलमान, आयुष्यभर बोटीवर खलाशी. सगळी शाखा त्यांना चाचा म्हणे. त्यांची थोरली बहीण १९४६ साली कराची बंदरात नोकरी करणाऱ्या मुलाला दिली होती. मुलगी फार लांब दिली असे तेव्हा घरात कोणालाच वाटले नव्हते. हर्णैहून बोटीने मुंबई, मुंबईहून दुसऱ्या बोटीने कराची. “आई म्हणाली, बोटीनंच तर जायचं, एक बोट जास्त,” असे चाचा सांगत. वर्षभरात ती एक बोट परदेशी गेली.

चाचांनी कराचीच्या तिकिटासाठी एक मुदत ठेव केली होती. पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात तिची पावती घडी करून असे. एके दिवशी अकराच्या सुमारास ते आले आणि काउंटरवर न जाता सरळ माझ्यापुढे येऊन बसले.

“साहेब, विमान कराचीला किती वेळात पोचतं?”

“दीड तास, चाचा. का?”

“बहीण सकाळी गेली. फोन आला. असरच्या नमाजनंतर दफन आहे.”

असर म्हणजे दुपारी उशिराची नमाज. सहा तास होते. हिशेबात बसत होते. पण आम्हा दोघांनाही माहीत होते की ते बसत नव्हते. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ साली बंद झाली होती. मुंबईच्या माणसाला पाकिस्तानचा व्हिसा हवा तर अर्ज दिल्लीला. म्हणजे वायव्येला पावणेनऊशे किलोमीटर जाण्यासाठी आधी कागद उत्तरेला साडेअकराशे किलोमीटर जाणार. व्हिसा मिळाला तरी देशाचा मिळत नाही, शहराचा मिळतो. गेल्यावर पोलिसांत हजेरी, निघताना पुन्हा हजेरी. त्याला लागणारे आठवडे, महिने कुठल्याही विमान कंपनीच्या वेळापत्रकात छापलेले नसतात. खरा ब्लॉक टाइम तो. जायचे ठरवल्यापासून दारात पाय ठेवेपर्यंतचा.

चाचांनी पावती काढून टेबलावर ठेवली. “ही मोडा,” म्हणाले. मुदत संपायला दोन महिने राहिले होते. मी नियमाप्रमाणे सांगितले की, आता मोडली तर व्याज कमी मिळेल. “मिळू दे,” ते म्हणाले. मी शिपायाला चहा आणायला पाठवले, व्याजाचा हिशेब करून दिला, त्यांनी पावतीच्या मागे सही केली. मराठीत करत, मोडीचे वळण असलेली. चहा त्यांनी अर्धाच घेतला.

दुसरी नोंद माझ्या ओळखीची नाही, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या सर्वांच्या नजरेखालून गेलेली आहे. गुजरातच्या आणि आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार मासे मारता मारता पाण्यावरची न दिसणारी रेघ ओलांडतात आणि पकडले जातात. त्यांना कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवतात. पकडले जातात ती जागा त्यांच्या घरापासून बोटीने एका-दोन दिवसांची. सुटका होते तेव्हा त्यांना समुद्राने परत पाठवत नाहीत. कराचीहून लाहोरपर्यंत बाराशे किलोमीटर, वाघा-अटारीला चालत सीमा ओलांडायची, अमृतसरहून पुन्हा आगगाडीने खाली यायचे. अमृतसर–मुंबई रेल्वेमार्ग जवळजवळ एकोणीसशे किलोमीटर आहे. तलासरी-डहाणूच्या कोळ्याला आपल्या घरी यायला सबंध पंजाब पाहावा लागतो. बँकेत असे बिल माझ्यापुढे आले असते तर मी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले असते.

आज एखाद्याकडे व्हिसा आहे असे धरून चालू. त्याने मुंबईहून कराचीला कसे जावे? थेट विमान नाही. त्याने दुबई, शारजा, मस्कत किंवा दोहा गाठायचे. दुबई धरू : मुंबई–दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई–कराची सुमारे ११९०. बेरीज ३१२०, सरळ अंतराच्या साडेतीनपट. हवेतलेच सव्वापाच तास. मध्ये विमान बदलायला दोन-तीन तास धरले की आठच्या घरात. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा आता काढा. १९३२ साली, एका इंजिनाच्या, ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर वेगाच्या, बैलगाडीतून पेट्रोल आणलेल्या विमानाने टपालाची थैली कराचीहून मुंबईला सव्वासात तासांत आली होती. आजच्या जेटच्या प्रवाशापेक्षा लवकर.

चाचा २००१ साली गेले. त्यांचा नातू आता दुबईत एका शिपिंग कंपनीत आहे आणि दर ईदला मला न चुकता फोन करतो. कराचीच्या आत्याआजीचा एक नातूही दुबईतच नोकरीला आहे. दोघांची ओळख तिथेच झाली, तीही आडनावावरून. दोघेही घरची जुनी कोकणी बोलतात. एकाच्या बोलण्यात मुंबईची हिंदी मिसळलेली, दुसऱ्याच्या कराचीची उर्दू. दोन वर्षांपूर्वी या नातवाचे लग्न त्यांनी मुद्दाम दुबईत केले. मुंबईची माणसे इकडून गेली, कराचीची तिकडून आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका भाचीने मामाच्या घरची माणसे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. खर्चाची वाटणी कशी केली, असे मी आपल्या सवयीने विचारले. नातू हसून म्हणाला, “काका, आम्ही एकोणीसशे किलोमीटर उडालो आणि ते अकराशे. म्हणून जेवण त्यांनी दिलं.”